अर्धा मिलिमीटर मिळवून घ्या

मी व्हर्नियर बोलतोय. व्हर्नियर म्हणजे कारागिराच्या हातातलं मोजमापाचं साधन. एक पोलादी पट्टी, तिच्यावर बारीक रेघा, एक जबडा जागच्या जागी घट्ट आणि दुसरा सरकणारा. दोन जबड्यांत वस्तू धरायची, रेघ वाचायची, की जाडी कळते. काम एवढंच. तरी मी जे काही सांगेन त्यात अर्धा मिलिमीटर मिळवून घ्या. का, ते पुढे येईल. पहिल्याच दमात सगळं सांगून मोकळा व्हायला मी काही डिजिटल नाही.

माझा जन्म कारखान्यातला. मला तापवलं, थंड केलं, घासलं, पुन्हा घासलं, आणि इतकं घासलं की माझा मूळचा आकार काय होता हे मला स्वतःलाच आठवत नाही. शेवटी एका चष्मेवाल्या तपासनिसाने माझे जबडे मिटले, मला खिडकीसमोर धरलं आणि एक डोळा बारीक करून मधून पाहिलं. उजेडाची तिरीपसुद्धा आरपार आली नाही. "पास," तो म्हणाला आणि त्याने जांभई दिली. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणी समोरचा माणूस जांभई देत होता. माणसांचं हे असंच असतं.

तिथून मी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो आणि मिस्त्रीने आपलं काम थांबवलं त्या दिवशी मला त्याच्या लाडक्या शागिर्दाच्या हातात ठेवलं. शागीर्द तेव्हा विशीतला होता, कानामागे पेन्सिल, नखांत ग्रीस. मिस्त्री त्याला म्हणाला, "हा खोटं बोलत नाही. कधी बोललाच, तर समज, तू त्याला शिकवलंस."

तो शागीर्द म्हणजे आमचे काका. सगळी गल्ली त्यांना फिटरकाका म्हणते. पुढची चाळीस वर्षं मी त्यांच्या खिशात, हातात आणि निळ्या मखमलीच्या डबीत काढली. काकांनी मला कधी टेबलावर आपटलं नाही, कोणाला उसनं दिलं नाही. कोणी मागितलंच, तर काका म्हणायचे, "चष्मा देऊ का माझा? दात देऊ? मग हा कसा देऊ?"

निवृत्त झाल्यावर काकांनी घराच्या मागच्या खोलीत आपला छोटा कारखाना थाटला. खिडकीखाली धातू फिरवून कातायचा, शिलाई मशीनएवढा लेथ, त्याच्या शेजारी कानशी ओळीने टांगलेल्या, कोपऱ्यात भट्टी, आणि सगळीकडे 'कधीतरी लागेल' या नावाचा माल. गंमत म्हणजे ही खोली काकूंना कबूल केलेली होती. काकू शिवणकाम करतात. एवढी वर्षं त्या जेवणाच्या टेबलावर कापड बेतत आल्या आहेत, म्हणजे घरातल्यांना जेवायचं असेल तर आधी कोणाची तरी बाही उचलून ठेवावी लागते. "तुम्ही निवृत्त झालात की मागची खोली माझी," असं ठरलं होतं. काका निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी लेथ घेऊन आले.

आता माझ्या बदनामीकडे वळतो. टाळून चालणार नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. काकूंचा बटणांचा पत्र्याचा डबा अडकला. झाकण काही केल्या निघेना. त्यांनी हाक मारली, "अहो, जरा बघता का?" काका उठून गेले. त्यांच्या हातात मी होतो. शेजारीच स्क्रूड्रायव्हर होता, पलीकडे छिन्नी होती, चमचासुद्धा होता. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं मला फुलासारखं जपलं त्या माणसाने, कसलाही विचार न करता, माझा जबडा झाकणाखाली खुपसला आणि जोर लावला.

कट्!

झाकण उडालं. बटणं घरभर पसरली. काका मला घेऊन खिडकीशी गेले, जबडे मिटले आणि उजेडात धरलं. जबडा अगदी मुळाजवळून बाहेर कलला होता. कोपऱ्यात टेकत होता तेवढाच, बाकी सगळीकडे अर्ध्या मिलिमीटरची फट. त्या फटीतून समोरच्या घराचा नळ दिसत होता.

यातली गोम अशी, की कोपरा टेकत असल्यामुळे मला मिटलं की शून्य बरोबर शून्य दिसतं. वरवर बघणाऱ्याला वाटावं, काय सरळ साधन आहे! पण जबड्यांत काही धरलं की ते फटीत थोडं आत बसतं आणि मी अर्धा मिलिमीटर कमी सांगतो. तुमच्या दृष्टीने अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. फिटरच्या दृष्टीने ती अब्रू आहे.

काकांनी मला पुसलं, डबीत ठेवलं आणि कोणाला एक अक्षर सांगितलं नाही. मिस्त्रीचं वाक्य त्यांना आठवलं असणार. दुसरा व्हर्नियर आणावा, तर का आणला हे सांगावं लागेल. मग त्यांनी मनातल्या मनात मिळवायला सुरुवात केली. मी साडेसात दाखवलं, की काका मोठ्याने "आठ!" म्हणायचे. मी साडेएकोणीस दाखवलं, की "वीस!" इतक्या सफाईने, की मलाच कधीकधी वाटायचं, आपण वीसच म्हणालो असू.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग घरात सूनबाई आली.

मुलगा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सूनबाई घरूनच काम करणारी, कॉम्प्युटरवर खेळण्यांचे आराखडे काढायची. ती येताना कपड्यांच्या दोन बॅगा आणि एक थ्रीडी प्रिंटर घेऊन आली. हे यंत्र प्लास्टिकचा दोरा वितळवून थरावर थर चढवतं आणि हवी ती वस्तू उभी करतं. काकांनी पहिले दोन दिवस त्याच्याकडे पाहुण्याच्या कुत्र्याकडे बघावं तसं पाहिलं. काकूंनी मात्र पाच मिनिटं निरखलं आणि म्हणाल्या, "हे तर विणकाम आहे. यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे?"

तिसऱ्या दिवशी काकांनी लेथ सहा इंच सरकवला आणि म्हणाले, "पोरी, ठेव तुझं ते इथे." झालं, त्या दोघांची गट्टी जमली. ती आकार काढायची, काका ओतायचे, घासायचे, बसवायचे. घरातल्या प्रत्येक दाराला नवी कडी आली. गरज नव्हती, पण आली.

माझं बिंग सूनबाईला महिन्याभरात कळलं. तिने बरोबर वीस मिलिमीटरचा एक ठोकळा छापला आणि मला लावला. मी साडेएकोणीस म्हणालो. बिचारीने दोन दिवस स्वतःचं यंत्र उघडून बसून काढले. सगळे स्क्रू आवळले, पुन्हा ठोकळा, पुन्हा साडेएकोणीस. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने मला खिडकीसमोर धरलं. तपासनिसाने धरलं होतं अगदी तसंच. फट पाहिली. "अगं बाई!" एवढंच म्हणाली.

आता सांगायचं ना? पण नाही! काका मला कसे हाताळतात ते तिने पाहिलं होतं. मखमलीवर ठेवण्याआधी बाहीने पुसतात, ते पाहिलं होतं. तिला वाटलं, बाबांना ठाऊकच नाही. कळलं तर जीव कळवळेल. म्हणून तीसुद्धा गुपचूप मिळवायला लागली. काकांनी एखादं माप सांगितलं आणि ते नाजूक कामाचं असलं, की ही मनात अर्धा मिळवायची. दारांच्या कड्या जरा ढिल्या का बसतात, याचा दोघांनाही पत्ता लागेना. दोष जायचा लाकडाला.

एकाच छपराखाली दोन माणसं, एक स्वतःची अब्रू राखायला आणि दुसरी त्याचं मन राखायला, माझं एकच खोटं दोनदा दुरुस्त करत होती, आणि मी मध्ये! मला तोंड होतं, जबडे होते, पण वाचा नव्हती. तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं?

मग तो मंगळवार आला.

काकूंना एका नाटक मंडळीचा पडदा शिवायचा होता. जाड मखमल, नऊ मीटर रुंद, शनिवारी संध्याकाळी पहिला प्रयोग. एवढं जाड कापड फक्त काकूंच्या जुन्या पायाच्या मशीनलाच झेपतं. आणि काकू आजवर एकाही कामाला उशीर न केलेल्या. काकांनी विचार केला, हिचे पाय दुखतात, आपण मशीनला मोटर बसवून हिला चकित करू. काकू मखमल आणायला गेल्या तेवढ्यात ते आणि सूनबाई मशीन उघडून बसले. हातचाक निघेना. हे बिडाचं जड चाक मशीनच्या उजव्या अंगाला असतं आणि पायाची वादी, म्हणजे चामड्याचा पट्टा, त्याच्यावरूनच फिरते. काकांनी लाकडाचा तुकडा लावून हातोडीने हलकेच ठोकलं. पुन्हा हलकेच. तिसऱ्यांदा जरा कमी हलकेच.

बीड वाकत नाही, तडकतं. चाकाचे तीन तुकडे झाले.

काकू आल्या तेव्हा दोघं जण जमिनीवर बसून तुकडे जुळवून पाहत होते.

"हे काय?"

"तुला चकित करणार होतो," काका म्हणाले.

"केलंत की!"

काकूंनी मखमलीचं गाठोडं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. काकू आवाज चढवत नाहीत तेव्हा लेथसुद्धा घाबरतो. त्या म्हणाल्या, "शनिवारी सकाळी मशीन चाललं पाहिजे. नाही चाललं, तर मी पडदा हाताने शिवायला घेईन, आणि नऊ मीटर पसरायला मला मागची खोली लागेल. तुमचा लेथ, हिचा प्रिंटर, ती भट्टी, सगळं माळ्यावर. आणि एकदा का चढलं ना, की परत उतरणार नाही."

असं चाक बाजारात कुठेच मिळेना. दुकानदार मशीनचं नाव ऐकून हसायचे. मग दोघांनी ठरवलं, आपणच ओतू.

बुधवारी काकांनी मशीनचा दांडा माझ्या जबड्यांत धरला. चाकाचं भोक या दांड्यावर घट्ट बसायला हवं, म्हणजे सगळी मदार या एका मापावर. दांडा होता बरोबर बारा मिलिमीटर. मी आपला इमानेइतबारे साडेअकरा म्हणालो. काकांनी मनात अर्धा मिळवला आणि मोठ्याने सांगितलं, "बारा!"

सूनबाईने कागदावर लिहिलं, बारा. मग काकांची पाठ वळल्यावर बारा खोडून लिहिलं, साडेबारा.

मी ओरडत होतो हो! पण पोलादाचं ओरडणं कोणाला ऐकू येणार?

तिने दोन वस्तू छापल्या. एक चाकाचा प्लास्टिकचा नमुना, आणि एक साडेबारा मिलिमीटरचा गोल गुटका. "बाबा, चाक ओतून झालं की भोक लेथवर मोठं करत न्या. हा गुटका घट्ट बसला, की थांबायचं."

गुरुवारी ओतकाम झालं. ओलसर मातीत नमुना दाबून साचा करायचा ही काकांची विद्या, मिस्त्रीकडून आलेली. भट्टीचा भाता फाटला होता, म्हणून सूनबाईने केस वाळवायचं यंत्र नळीला जोडलं. मुशीत ॲल्युमिनियम वितळायला लागलं. भंगाराच्या डब्यात होतं ते पुरेना, तेव्हा काकांनी इकडेतिकडे बघून स्वयंपाकघरातून एक पातेल्याचं झाकण आणलं. केस वाळवायचं यंत्र फूं फूं करत होतं, काका घामाघूम, सूनबाईच्या गालाला काजळी. धातू साच्यात उतरला तेव्हा दोघांनीही श्वास धरला होता. थंड झाल्यावर माती फोडली. आत चाक! सुंदर, पांढरं, अखंड चाक. काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी मातीच्या हातांनी सूनबाईच्या डोक्यावर हात ठेवला.

शुक्रवारी भोक करायचं. काका सावध माणूस. लेथ चालू करायच्या आधी त्यांनी तिचा गुटका माझ्या जबड्यांत धरला. गुटका साडेबारा. म्हणजे मी काय म्हणणार? बारा!

माझी रेघ बरोबर बारावर बघून काकांचा चेहरा उजळला. सात वर्षं हा माणूस माझ्या प्रत्येक मापात न चुकता अर्धा मिळवत आला होता. त्या दिवशी नाही मिळवला. बारा हवे होते, बारा दिसले, संपलं! सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि नेमका तिथेच घात झाला.

दुपारी चाक दांड्यावर चढवलं. चढलं कसलं, घसरतच गेलं. काकांनी मशीनचा पायटा दाबला. खडखड, खडखड, खडखड! चाक दारुड्यासारखं डुललं आणि वादी निघून पडली.

काकांनी वादी उचलली.

"आटलं असेल," काका म्हणाले. "धातू थंड होताना आटतो."

"पण बाबा, भोक आपण थंड झाल्यावर केलंय."

"मग माती खराब."

"मातीचा भोकाशी काय संबंध?"

 काका गुटका उचलून फिरवत राहिले. आणि मग सूनबाई हळूच म्हणाली, "चूक माझी आहे, बाबा. माझ्या यंत्राने माप चुकवलं. तुम्ही बरोबरच सांगितलं होतं." आणि तिने प्रिंटरची वायर काढून गुंडाळायला सुरुवात केली. नाहीतरी उद्या माळ्यावर जायचंच होतं.

काका तिच्याकडे बघत राहिले. ती गुंडाळी करत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदमच. त्यांनी गुटका खाली ठेवला आणि मला उचललं. 

"ठेव ती वायर," काका म्हणाले. "तुझं यंत्र चुकलं नाही. हा चुकतो. सात वर्षं चुकतोय." त्यांनी मला तिच्यासमोर धरलं. "आणि याचीही चूक नाही. मी याने डबा उघडला."

"डबा?"

"बटणांचा. हा अर्धा मिलिमीटर कमी दाखवतो. मी मनात मिळवून सांगतो. कोणाला बोललो नाही. लाज वाटली मला. माझ्या मिस्त्रीने दिलेला आहे गं हा."

सूनबाईने वायर खाली टाकली. "म्हणजे तुम्ही बारा म्हणालात ते मिळवून?"

"मिळवून."

"अहो बाबा, मीही मिळवला!"

"तू कशाला मिळवलास?"

"तुम्हाला माहीत नाही असं वाटलं म्हणून!"

दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. काकांना आधी हसू फुटलं की रडू, हे मला अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही सांगता येणार नाही. मग दोघंही इतक्या जोरात हसायला लागले, की काकू दारात आल्या.

"काय चाललंय? आणि माझ्या पातेल्याचं झाकण कुठे आहे?"

काकांनी झाकण सोडून बाकी सगळं सांगितलं. डबा, जबडा, सात वर्षं. काकू कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला काय सांगता? मी तिथेच तर उभी होते. तुम्ही याला खिडकीशी नेऊन असा काही चेहरा केलात, की मी मुकाट्याने बटणं वेचत बसले. म्हटलं, आज ना उद्या सांगतील."

"तुला माहीत होतं?"

"एवढी वर्षं संसार करतेय, चेहरा वाचता येत नाही होय?" काकूंनी गळ्यातला टेप काढून त्याचं टोक काकांच्या नाकासमोर धरलं. "हा बघा. पहिला इंच झिजून गेलाय. मी दुसऱ्या इंचापासून मोजते. पण हाताखाली काम करायला येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगते, बाई गं, हा इंच सोड. मला नाही कधी लाज वाटली. झिजला तो कामानेच झिजला ना?"

 काकांनी मला बाहीने पुसलं.

काकू आत गेल्या आणि बटणांचा डबा घेऊन आल्या. त्याचं झाकण तेव्हापासून वाकडंच होतं, बसायचंच नाही. बटणं एका पिशवीत ओतून त्यांनी झाकण काकांच्या हातात दिलं. "कापडाच्या कामात ढिलं झालं, तर आम्ही आतून पट्टी लावतो. तुमच्या कामात लावत नाहीत?"

काकांनी झाकणाचा पत्रा माझ्या जबड्यांत धरायला घेतला, मग थांबले. अर्धा मिलिमीटर खाणाऱ्याने त्याहून पातळ पत्रा काय मोजायचा? त्यांनी पत्र्याचे चार तुकडे एकावर एक ठेवले आणि मग मला लावलं.

"पोरी," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "हा अर्धा म्हणतोय. मी अजून काही मिळवलेलं नाही."

"मग मी मिळवते. एक मिलिमीटर. चार तुकड्यांचा एक, म्हणजे पत्रा पावाचा."

"दांड्याभोवती एक वेढा दिला, तर या बाजूला पाव, त्या बाजूला पाव."

"अर्धा!" दोघं एकदम ओरडले.

काकांनी कात्रीने पट्टी कापली, कानशीने कडा मारल्या, दांड्याभोवती वेढा दिला. चाक चढवलं. या खेपेला ते घसरत गेलं नाही, हळूहळू, कुरकुरत, हट्टाने गेलं. काकू स्टुलावर बसल्या, पायट्यावर पाय ठेवला. चाक फिरलं. खडखड नाही, डुलणं नाही. मशीन जुन्या सुरात बोलायला लागलं आणि मखमल सुईखालून पुढे सरकायला लागली.

पडदा शनिवारी दुपारी नाटकवाल्यांच्या हातात गेला. वेळेआधी तीन तास. मोटरचा विषय मात्र काकांनी पुन्हा काढला नाही. मागच्या खोलीची वाटणी झाली. खिडकीकडची बाजू काकूंना मिळाली, कारण तिथे उजेड चांगला. लेथ दाराशी गेला. पातेल्यावर हल्ली ताटली झाकतात. ते झाकण रोज हाताखालून फिरतंय, हे काकूंना अजून कळलेलं नाही. की कळलंय आणि त्या वाट बघतायत, देव जाणे.

घरात आता एक डिजिटल व्हर्नियर आलाय. आकडे लख्ख दाखवतो, भाव खातो आणि बॅटरी संपली की मेल्यासारखा पडून राहतो. मी अजून माझ्या निळ्या डबीत आहे. डबीच्या झाकणाला आतून काकूंनी कापडाची एक पट्टी टाचली आहे, लाल दोऱ्याने अक्षरं भरलेली: 'अर्धा मिळवा.' आयुष्यभर मी रेघांमधून लोकांना वाचायला लावलं. आता माझ्याबद्दलच लिहिलेलं वाचायला मिळतं. सुरुवातीला अपमान वाटला होता. आता नाही वाटत.

तुमच्याही घरात असेल माझ्यासारखं कोणी, वस्तू म्हणा, माणूस म्हणा, थोडं कमी दाखवणारं. त्याला टाकू नका. आणि कृपा करून गुपचूप सांभाळूनही घेऊ नका. त्यापायी एका मशीनचं चाक डुललंय. उघड सांगा, हसा, आणि मग खुशाल सांभाळा.

थांबा, डबी उघडतेय. काकांचा हात. डिजिटलची बॅटरी गेलेली दिसतेय.

"पोरी! साडेतेरा म्हणतोय गं हा!"

"मिळवलात का, बाबा?"

"मिळवला! चौदा!"

"मग मी मिळवत नाही हं!"

आणि खिडकीकडून, मशीन न थांबवता, काकू म्हणतात, "मीही नाही."